हिराचं माप

"आणि पोराच्या बुटाचा नंबर?"

शरच्चंद्र वकिलांनी हे विचारलं ते चहाची बशी बाजूला सारता सारता, अगदी सहज. तोवरची उत्तरं सहदेवने बरी निभावून नेली होती. मुलगा कितवीत? दुसरीत. शाळा? घाटकोपरची, मामाच्या चाळीमागची. कशाला घाबरतो? पालीला. इथवर सगळं सुरळीत आलं आणि बुटाच्या नंबरापाशी अडलं. नंदूचा चेहरा त्याला दिसत होता, उजव्या भुवईवरची खोक दिसत होती, पण गुडघ्याखाली मुलगा दिसेचना. "नाही सांगता यायचं," तो शेवटी म्हणाला. वकिलांनी चष्मा काढला. अंधेरी पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ते राहत आणि पुढच्या खोलीत ऑफिस चालवत. आतून कुकरच्या शिट्ट्या येत आणि बाहेर लोकांच्या संसाराची वाटणी चाले. पोरं मागायला आलेल्या बापांचे वकील म्हणून त्यांचं नाव होतं. "ऐका मुणगेकर," ते म्हणाले, "कायद्यात लिहिलंय, बाप हा पोराचा पालक. तेवढं ऐकून तुमच्यासारखे बाप छाती काढून येतात. पण जज्जसाहेब बघतात पोराचं भलं कुठे आहे ते. आणि समोरचा वकील पिंजऱ्यात तुम्हाला मोठं काही विचारणारच नाही. बुटाचा नंबर विचारील. आईला तो पाठ असतो. बाप इथेच आपटतो."

"शोधून काढतो," सहदेव म्हणाला.

"काढा. पण बायकोला विचारू नका. ती तेच कोर्टात सांगेल, की यांना माझ्याकडून कळलं."

बाहेर संध्याकाळ झाली होती. स्टेशनच्या वाटेवर चपलांची दुकानं ओळीने होती, हे त्याला आजवर कधी दिसलं नव्हतं. आता दुसरं काही दिसेना. दुकानात स्टुलावर बसलेली पोरं, त्यांच्या पायाशी वाकलेले नोकर, मागे उभ्या आया. माणसाला एकदा एखादी गोष्ट माहीत नसल्याचं कळलं, की अख्खं गाव तीच गोष्ट घोकत बसलंय असं वाटायला लागतं. नंदू जन्मला तेव्हा त्याने त्याचे पाय पाहिले होते. तळवे सुरकुतलेले, अंगठा वर उचललेला. तेव्हाचा नंबर कोणी विचारला असता तर? हसू आलं. आपण या मुलाचे बाप आहोत हे सिद्ध करायला आपण वकील लावलाय, आणि वकिलाने पहिल्याच बैठकीत विचारलं, कशावरून?

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सहदेवचं गिरणीतलं काम थांबलं, तेव्हा नंदू तीन वर्षांचा. आधी वाटलं मिटेल, मग वाटलं दिवाळीपर्यंत मिटेल, मग वाटणंच बंद झालं. त्याच्या बायकोला, प्रेमाला, विक्रोळीला औषधाच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. पोराला बघणार कोण? तेव्हा सहदेवने त्याच्या बापाने केलं होतं तेच केलं, वाडीतल्या प्रत्येकाच्या बापाने केलं होतं तेच केलं. पोराला गावी आपल्या आईपाशी, जानकीपाशी ठेवून आला. त्यात वावगं काही असेल हे कोणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं. मुंबई कमवायची जागा, गाव पोरं वाढवायची जागा. आंबा झाडावर वाढतो, बाजारात नाही. आता प्रेमाच्या वकिलाने अर्जात त्यालाच म्हटलं होतं, पोराला टाकून दिलं. ते वाचून दाखवलं तेव्हा सहदेवला राग आला नाही, नुसतं चमत्कारिक वाटलं. म्हणजे आपल्यालाही टाकून दिलं होतं की काय? आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही?

प्रेमाचं आणि त्याचं भांडण असं कधी झालं नाही, हेच खरं तर भांडणाचं मूळ. संपात तो बोलायचा थांबला. दिवसभर भिंतीला टेकून बसायचा. ती काही म्हणाली तर मान हलवायचा. होकाराला हलवतो की नकाराला, तिला कळायचं नाही. मग तिला कामाला जवळ पडतं म्हणून ती घाटकोपरला भावाकडे, अनंताकडे राहायला गेली. न्यायला जायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, नोकरी लागली की जाऊ, असं करता करता नोकरी लागली, मरोळच्या प्लास्टिकच्या कारखान्यात, आणि तोवर जायची वाट मोडून गेली. एका मे महिन्यात प्रेमा एकटीच गावी गेली आणि नंदूला घेऊन आली. जानकीने नातवाबरोबर कुळथाच्या पिठाची पिशवी दिली आणि दारात बसून रडली. प्रेमाला आता घटस्फोट हवा होता; तो तिने घ्यावा. पण मुलगा? मुलगा मला हवा, हे सहदेव ज्या दिवशी मोठ्याने बोलला त्या दिवशी अनंत म्हणाला होता, "आता आठवण झाली होय तुला? झकास!" अनंत मनाने वाईट नव्हता, जिभेने होता.

पुढे रविवारी दुपारी मुलाला भेटायची कोर्टाने परवानगी दिली. मग एका रविवारी बोरिवलीच्या काजूपाड्यातल्या आपल्या खोलीतून निघताना सहदेवने दाराआडच्या खराट्यातून एक हीर उपसून घेतला. चांगला सरळ, शेंड्याकडे न मोडलेला.

हीर घेताना त्याला बाप आठवला असं म्हणणं बरोबर नाही. बाप त्याच्या बोटांतच होता. लवू मुणगेकर वर्षातून दोनदा गावी यायचा, शिमग्याला आणि गणपतीला. शिमग्याचा मुक्काम संपवून निघायच्या आदल्या दिवशी तो अंगणात उकिडवा बसायचा, माडाच्या पातीतला हीर सोलून घ्यायचा आणि म्हणायचा, "सहदेवा, पाय हय ठेव. हलवा नको." टाचेपाशी हिराचं एक टोक, अंगठ्यापाशी नखाने खूण, आणि कट्कन मोडायचा. तो तुकडा ट्रंकेत कपड्यांच्या घडीत जायचा, मुंबईला. आणि गणपतीला त्या मापाचे बूट यायचे. पांढरे, कॅनव्हासचे, रबराच्या वासाचे. वाडीतली पोरं गोळा व्हायची. पण शिमगा ते गणपती पोराचा पाय काही ट्रंकेत घडी घालून ठेवलेला नसतो. तो बाहेर शेणामातीत वाढत असतो. हीर तेवढाच राहायचा. दरवर्षी बूट लहान व्हायचे. सहदेव बोटं आत वळवायचा, टाच रेटायचा, श्वास धरायचा. "बसले काय रे?" "बसले." "चावनत नाय मा?" "नाय." मग लवू उठून उभा राहायचा आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "लवूच्या हिराक चूक नाय!" त्या आनंदासाठी सहदेव आठ दिवस ते बूट घालून फिरायचा, बापाबरोबर देवळापर्यंत जायचा, पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देत, खेकड्यासारखा. बाप गेला, की बूट फळीवर. बापाला मरेपर्यंत कळलं नाही. आणि आता सहदेवला कधी कधी असंही वाटायचं, की बापाला कळलं असेल. दोघांनी मिळून ते एक खोटं जपलं आणि वर्षातले तेवढेच दिवस एकत्र मिळायचे, ते त्या खोट्यातच गेले.

घाटकोपरच्या बागेत बाकावर बसवून त्याने नंदूचा पाय मांडीवर घेतला. पोरगा शहाण्यासारखा बसून राहिला. हा मुलगा फार शहाणा होता, भेटीला आलेल्या पाहुण्यासमोर असतो तसा. चणे देऊ? हो. झोपाळ्यावर बसतोस? बसतो. उतरतोस? उतरतो. "बाबा, हे काय करतोस?" "गंमत." सहदेवने टाच धरली, अंगठ्यापाशी नखाने खूण केली. पाय गरम होता. पोटरीवर डास चावल्याच्या गांधी होत्या, आणि त्या त्याच्या नकळत उठलेल्या होत्या. त्याला एकदम त्या पायावर तोंड ठेवून रडावंसं वाटलं. बागेत माणसं होती. त्याने हीर मोडला आणि खिशात ठेवला. मग, दर रविवारी विचारायचा तसं विचारलं, "नंदू, माझ्याकडे राहायला येशील ना?" नंदू म्हणाला, "हो." दर रविवारी म्हणायचा तसाच.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण चढलेल्याला ती मोजायलाही मिळत नाही. तारीख पडली ती पुढे गेली. मग कोर्टाला सुट्टी. मग मुलगा मामाबरोबर गावी. मग पावसाळ्यात नंदूला कावीळ झाली, आणि डॉक्टरांनी हिंडवू-फिरवू नका म्हटल्यामुळे रविवार बंद झाले. सहदेव दोनदा घाटकोपरला जाऊन दारातूनच बघून आला. नंदू गोधडीत होता, पिवळा, मान तेवढी बाहेर. गोधडीखाली पाय होते. ते वाढत असतील असं काही त्याच्या मनात आलं नाही. आजारी पोर वाढत नाही असं आपण धरून चालतो.

काजूपाड्याची खोली मात्र तो वाढवत होता. वकिलांनी सांगितलं होतं, पोराला राहण्याजोगी जागा दाखवावी लागेल. त्याने भिंतींना चुना लावला. लहान खाट आणली. भिंतीत एक खुंटी ठोकली, आपल्या कमरेच्या उंचीवर, शाळेचं दप्तर टांगायला. सकाळी नळ गेल्यावर चाळ जरा शांत व्हायची, लांबून खाणीतल्या सुरुंगाचा दणका यायचा आणि भांडी किणकिणायची. तेव्हा ती खुंटी नजरेत भरायची. एकदा त्याने तिला आपलाच शर्ट अडकवून बघितला. बाह्या जमिनीवर लोळल्या. त्याने तो काढून घेतला. शेजारची विमला वहिनी एकदा डोकावून म्हणाली, "भाऊजी, पोरगा कधी येतो तुमचा?" "येतोय," तो म्हणाला. चाळीत माणूस एकटा राहतो असं कोणी समजत नाही, चारी बाजूंनी आवाज असतात. पण दुसऱ्यांच्या ताटातल्या भाताचा वास घेऊन कोणाचं पोट भरत नाही. संध्याकाळी तो दोन माणसांचा भात लावायचा, सवय असावी म्हणून, आणि उरलेला सकाळी खायचा.

दसऱ्याच्या सुमाराला तारीख लागली, आणि वकील म्हणाले, या वेळी जज्जसाहेब ऐकणारच. आधी तुमची साक्ष, मग मुलाला चेंबरमध्ये बोलावतील. एकट्यालाच विचारतील, कोणाकडे राहायचंय. "तो काय म्हणेल?" "माझ्याकडे म्हणेल," सहदेव म्हणाला. "दर खेपेला हो म्हणतो." "मग निम्मं काम झालं. आणि तो बुटाचा नंबर?" तेव्हा सहदेवने खिशातून तो तुकडा काढून दाखवला, आणि वकील, ज्यांनी अंधेरीत नाना तऱ्हेचे पुरावे पाहिले होते, ते त्याच्याकडे बघतच राहिले.

दुकानदाराने हीर मोजपट्टीवर ठेवून सांगितलं, बारा. काळे बूट, नाडीचे. सहदेवने ते छातीशी धरून घाटकोपरला नेले. काविळीतून उठून बसलेला नंदू उंबऱ्यावर आला. आधीपेक्षा उंच दिसत होता, पण आजारातून उठलेली माणसं तशी दिसतातच. त्याने बूट हातात घेतले, वास घेतला, हसला. मग पाठमोरा होऊन घालायला बसला. वेळ लावला. सहदेवला त्याची मान दिसत होती आणि हलणारे खांदे. "बसले काय रे?" त्याच्या तोंडून गेलं. नंदू उठला, वळला, ताठ उभा राहिला. "बरोबर होतात," तो म्हणाला. सहदेवला वाटलं ओरडावं, हिराक चूक नाय! आतून प्रेमा दारापर्यंत आली, तिने बुटांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि परत आत गेली.

तारखेच्या दिवशी सकाळी कोर्टात त्याला पिंजऱ्यात उभं केलं आणि समोरच्या वकिलाने खरोखरच विचारलं. आधी संप, मग गाव, "मुलाला तुम्ही किती वर्षं आजीच्या गळ्यात टाकलंत?" आणि मग मध्येच, चष्म्यावरून बघत, "बरं, मुलाच्या पायात कितवा नंबर लागतो?" शरच्चंद्र वकिलांनी खुर्चीत पाय लांब केले. "बारा," सहदेव म्हणाला, इतक्या मोठ्याने की टायपिस्टने वर पाहिलं. जज्जसाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. भिंतीपाशी बसलेल्या प्रेमाने मान वर केली. तिचे ओठ हलल्यासारखे झाले. पण ती काही बोलली नाही.

दुपारी अनंत नंदूला घेऊन आला. लांबच लांब व्हरांडा, मध्ये वकिलांचे काळे कोट, आणि त्या टोकाकडून मामाचं बोट धरून येणारा मुलगा. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून पाडलेला भांग, काळे बूट. सहदेव बाकावरून उठला आणि तसाच राहिला. मुलगा पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देत येत होता. टाच टेकली की भुवई किंचित उचलायचा आणि पुन्हा चेहरा सरळ करायचा. ती चाल सहदेवला डोळे मिटून ओळखता आली असती. देवळाची वाट, रबराचा वास, पुढे चाललेला बाप, आणि मागे आपण, श्वास धरलेले. शेजारी प्रेमा येऊन उभी राहिली होती. कित्येक महिन्यांत ती त्याच्याशी सरळ बोलली नव्हती.

"लहान होतात त्याला ते," ती हळू म्हणाली. "तेरा लागतो आता. सकाळी म्हटलं, जुने घाल, तर ऐकेना. बाबांनी आणलेत म्हणाला."

"मग मघाशी बोलली का नाहीस? साहेबांसमोर?"

"काय बोलायचं?" प्रेमा म्हणाली. "तुझं तोंड बघून नाही बोलवलं."

नंदू जवळ आला आणि बापाकडे बघून हसला. तेच ते शहाणं हसू. चणे देऊ? हो. झोपाळ्यावर बसतोस? बसतो. माझ्याकडे येशील ना? हो. सहदेवला ते सगळे हो एकामागोमाग ऐकू आले, आणि प्रत्येक हो मध्ये बोटं आत वळवलेली होती. आता हा आत जाईल. साहेब विचारतील. आणि हा, बापाचं तोंड पडू नये म्हणून, ताठ उभा राहून सांगेल, बाबांकडे. लहान खाट, खालची खुंटी, दोन माणसांचा भात, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. तो शब्द येणार होता, एवढंच की तो खरा नसणार होता. गप्प बसलं की झालं. गप्प बसणं तर त्याला जन्मभर जमलं होतं.

शिपायाने नाव पुकारलं. "नंदकिशोर सहदेव मुणगेकर!"

सहदेव खाली बसला. व्हरांड्याच्या फरशीवर, सगळ्यांच्या पायांत. त्याने नंदूच्या बुटाची नाडी सोडली. "बाबा, काय करतोस? बरोबर होतात." "नाय होत." दुसरी नाडी सोडली. बूट घट्ट बसला होता. टाच धरून ओढावा लागला. मोज्याला मागे लाल डाग होता. मोजे उतरवले तर करंगळी शेजारच्या बोटाखाली गेली होती. त्याने ती सरळ केली तसा नंदूने पाय आखडला. "अहो मुणगेकर, हे काय चालवलंय?" वकील वरून म्हणाले. "साहेब थांबलेत!" सहदेवने वर पाहिलंच नाही. त्याला इथली भाषा आठवेना. जी भाषा नंदू आजीपाशी शिकला होता तीच तोंडात आली.

"झीला, माका ठावक आसा किती चावता ता. मी पण असोच घालून चलंय. आता आत जा. साहेब इचारतीत. खरा ता सांग. माका बरा वाटाचा म्हणान सांगा नको. समाजला?"

नंदू त्याच्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच तो पाहुण्याकडे बघावं तसा बघत नव्हता. "तू रागावशील?" "नाय." "नक्की?" "गळ्याची शपथ."

मुलगा अनवाणी आत गेला. दार लागलं. सहदेव बाकावर बसला, मांडीवर बूट घेऊन. आतून त्यांना अजून ऊब होती. शरच्चंद्र वकील म्हणाले, "हातातोंडाशी आलेला घास होता, मुणगेकर," आणि मग, माणूस वाईट नसल्यामुळे, त्याच्या शेजारी बसून राहिले. प्रेमा पलीकडच्या खांबाला टेकून उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. सहदेवला वाटलं, आपल्या बापानेही एकदा असं खाली बसून नाडी सोडायला हवी होती. मग वाटलं, आपण तरी कुठे कधी पाय पुढे केला. आणि मग काहीच वाटेनासं झालं, फक्त भीती वाटत राहिली. कारण मनातून, अगदी आतून, त्याला अजूनही वाटत होतं की मुलगा खरं बोलूनसुद्धा त्याचंच नाव घेईल.

दार उघडलं. नंदू आला तो सरळ चालत. आईच्या बाजूला त्याची नजर गेली, पण पाय बापाकडे आले. तो बाकासमोर उभा राहिला, हात मागे बांधून.

"खरं सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"आईकडे." मग घाईने, "पण रविवार पाहिजे म्हटलं. रविवार बंद करायचा नाही. आणि सुट्टीत पण. साहेब हो म्हणाले." त्याने बापाच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. अशी शोधणारी नजर सहदेवने या पोराच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. "बाबा, तुला वाईट वाटलं?"

सहदेवने चपलांत पायाची बोटं आवळून धरली. चेहरा सरळ केला.

"नाय रे," तो म्हणाला. "बरोबर झाला."

नंदूने मान खाली घालून बापाच्या पायांकडे पाहिलं. पाहतच राहिला. मग तो बाकावर चढून त्याला अगदी खेटून बसला, आणि बापाच्या मांडीवरचे बूट त्याने उचलून पलीकडे ठेवले.